पाण्याच्या वाटेने बाग वाचताना

पिंपरी-चिंचवड म्हटले की भोंगा, पाळी आणि कंपनीची बस आठवते. बाग कुणाला आठवत नाही. पुण्याहून मुंबईच्या रस्त्याला लागलेला माणूस हॅरिस पूल ओलांडून दापोडीत शिरतो, तेव्हा त्याला मेट्रोचे खांब दिसतात, एसटीची मध्यवर्ती कार्यशाळा दिसते, लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालयाची लांबच लांब भिंत दिसते. याच दापोडीत १८२८ साली मुंबई इलाख्याचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने सरकारसाठी एक बंगला विकत घेतला आणि त्याच्या आवारात वनस्पती उद्यान काढले. पुढची तीन-साडेतीन दशके पश्चिम भारतातली झाडे, पिके, औषधे आणि जंगले यांच्याविषयीचे बरेच प्रयोग आणि काही दूरगामी निर्णय त्या आवाराशी जोडलेले राहिले. ती बाग हा या पुस्तकाचा मुख्य विषय आहे.

बाग म्हणून ती आज उरलेली नाही. ती सापडते सरकारी अहवालांत, वनस्पतिशास्त्राच्या ग्रंथांत आणि एडिंबरोच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये जपलेल्या सुमारे १७० रंगचित्रांत. किल्ल्यांवर मराठीत कपाटे भरतील इतकी पुस्तके आहेत. वाडे, देवळे, घाट, बारवा यांच्यावरही भरपूर लिहिले गेले. बागा मात्र तळटीपांतच राहिल्या. याला कारण आहे. तट ढासळला तरी दगड जागेवर राहतो. बागेचे पाणी एक उन्हाळा तुटले की वाफे जातात, आणखी दोन उन्हाळ्यांत झुडपे जातात, आणि पाच-सात वर्षांनी एखादी विहीर व कडेची दोन-चार मोठी झाडे एवढेच साक्षीदार शिल्लक राहतात. अशा विषयाची ओळख करून द्यायची तर आधी बाग वाचायची कशी, इथूनच सुरुवात करायला हवी.

पाणी आणि हात

जुन्या बागेबद्दल दोन प्रश्न सर्वांत आधी विचारावेत. पाणी कुठून येत होते? आणि ते झाडाच्या बुंध्यापर्यंत कोण नेत होते? मालक कोण, शैली कोणती, फुले कोणती, हे त्यानंतरचे प्रश्न.

पुण्याच्या पट्ट्यात वर्षाचा पाऊस सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरात. उरलेले आठ महिने बाग जगते ती विहिरीवर, पाटावर किंवा नहरावर. मोटेची विहीर डोळ्यांपुढे आणा. बैल उतरत्या धावेवरून पुढे जातात, नाडा ताणला जातो, चामड्याची मोट वर येते आणि थारोळ्यात रिती होते. थारोळ्यातून पाणी पाटात, पाटातून दंडात, दंडातून वाफ्यात. वाफा भरला की दारे धरणारा माणूस खोऱ्याने माती ओढून एक तोंड बुजवतो आणि पुढचे फोडतो. वाफा फार लांब केला तर शेवटचे रोप कोरडे राहते. उतार जास्त दिला तर माती वाहून जाते. म्हणून विहीर किंवा हौद उंचावर, मोगरा-शेवंती-भाजीपाला यांसारखी पाण्याला हावरी लागवड थारोळ्याच्या जवळ, आणि एकदा मुळे खोल गेली की स्वतःच्या बळावर जगणारी आंबा, चिंच, जांभूळ ही झाडे कडेला. बागेचा आराखडा निम्माअधिक पाण्यानेच आखून ठेवलेला असतो. मालकाची हौस उरलेल्या जागेत बसते.

दुसरा प्रश्न हातांचा. बैल हाकणारा, दारे धरणारा, आळी करणारा, खुंटावर डोळा भरणारा, भेट कलम बांधणारा, फळे लागली की राखण करणारा अशी ही माणसे. बागेच्या हिशेबात त्यांचे वेतन सापडते, नावे क्वचितच. दापोडीच्या कथेत हा धागा फार महत्त्वाचा आहे. तो पुढे येईलच.

दख्खनच्या बागांचा वंश

नवख्या वाचकासाठी या प्रदेशातल्या बागांच्या परंपरा ठोकळमानाने चार सांगता येतील. त्या एकीमागून एक आल्या. पण एक आली म्हणून आधीची संपली असे कधी झाले नाही.

पहिली परंपरा ग्रंथांतली आणि परसातली. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्यांचा राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावर असलेल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात राजाच्या करमणुकीत उपवनालाही जागा आहे. सुरपालाच्या ‘वृक्षायुर्वेदा’त बी कसे पेरावे, झाडाला कोणता रोग होतो, त्यावर कोणते खत घालावे याची चर्चा आहे. या ग्रंथांच्या बरोबरीने, कुठेही न लिहिलेली परसबाग गावोगाव चालतच होती. न्हाणीच्या सांडपाण्यावर वाढलेली केळ आणि अळू, अंगणात तुळस, कुंपणाला अडुळसा, देवासाठी जास्वंद आणि दूर्वा. राज्यकर्त्यांची नजरही झाडाच्या उपयोगावर होती. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त गडावर झाडे लावून जोपासण्याची ताकीद आहे, आणि आरमाराच्या लाकडासाठी रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नये, असाही इशारा आहे. झाड रयतेने लेकरासारखे वाढवलेले असते, ही जाणीव त्यामागे होती.

दुसरी परंपरा सुलतानी आणि मोगली. निजामशाहीतल्या अहमदनगरात १५८३ मध्ये पुरा झालेला फराहबाग तलावाच्या मधोमध उभा होता. तलाव केव्हाच आटला, इमारत उभी आहे. बागेचे पाणी गेले की केवळ वास्तू मागे उरते, याचे यापेक्षा स्पष्ट उदाहरण मिळायचे नाही. औरंगाबादेत मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला जमिनीखालचे नहर खेळवले. त्याच शहरात पुढे बीबी-का-मकबऱ्याभोवती पाण्याच्या सरळ पाटांनी चौकोन पाडणारी चारबाग आली. तिथलाच हिमायतबाग आज कृषी विद्यापीठाकडे फळसंशोधनासाठी आहे. या परंपरेने दख्खनला दोन गोष्टी दिल्या. बागेची रेषा सरळ केली, आणि नुसते झाडांना पाजण्याचे पाणी कारंज्यांतून उडवून पाहण्याची वस्तू केले.

तिसरी मराठा दरबाराची. पुण्यात नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून नहर आणला. चुन्या-दगडात बांधलेला तो भुयारी मार्ग, हवेसाठी मध्ये मध्ये ठेवलेले उच्छ्वास आणि पेठांमधले हौद. त्या पाण्यावर शनिवारवाड्यातले कमळाच्या आकाराचे हजारी कारंजे उडाले, आणि तेच पाणी काळ्या हौदावर, बदामी हौदावर, फडके हौदावर लोकांच्या घागरींत पडले. बागेचे आणि वस्तीचे पाणी एकाच नळातून आले, ही पेशवाई पुण्याची खरी ओळख आहे. पर्वतीच्या पायथ्याशी आंबील ओढा अडवून तलाव झाला, तलावात बेट राहिले, बेटावर बाग झाली. तिथल्या गणपतीची स्थापना सवाई माधवरावांच्या काळात १७८४ ची. तलाव पुढे बुजला आणि त्याच जागेवर आजची सारसबाग आहे. तलावाकाठी नानासाहेबांच्या वेळचा हिराबाग. गावात तुळशीबाग, बेलबाग, रमणबाग, मोतीबाग. यांतल्या बहुतेक ठिकाणी आता फुलापेक्षा भांडी आणि कपडे जास्त मिळतात. दुसऱ्या बाजीरावांनी पुण्याबाहेर, भीमेकाठी फुलगावला वाडा आणि बाग केली. नागपूरकर भोसल्यांनी महाराजबाग आणि तेलंगखेडी केली. दरबारी बाग शोभेची असली तरी तिच्यातून मुदपाकखान्याला भाजी, देवाला फुले आणि सरदारांना आंब्याच्या करंड्या जात होत्या.

चौथी परंपरा बंगल्याची. इंग्रजांच्या देशात अठराव्या शतकात केपॅबिलिटी ब्राउनने सरळ रेषा मोडून हिरवळ, वळणदार तळे आणि झाडांचे विखुरलेले पुंजके यांची रीत पाडली. हम्फ्री रेप्टनने घराजवळ पुन्हा फुलांना जागा दिली. मग जॉन क्लॉडियस लाउडनने सांगितले की प्रत्येक झाड सुटे, पूर्ण वाढलेले आणि ओळखता येईल असे लावावे. इंग्रज अधिकारी हे सगळे डोक्यात घेऊन दख्खनच्या काळ्या मातीत आणि मुरमात आले. चार महिने चिखल, आठ महिने भेगा. इथे हिरवळ राखायची तर रोज मोट चालवावी लागते. ब्राउनची रीत इथे पाण्याअभावी तगली नाही. लाउडनची मात्र चांगलीच रुजली, कारण परदेशातून आलेले एकेक झाड सुटे लावून त्याची चाचणी घेणे कंपनी सरकारच्या पथ्यावर पडणारे होते.

दापोडी : बंगल्यापासून प्रयोगशाळेपर्यंत

पवना जिथे मुळेला मिळते त्या परिसरात दापोडी आहे. पेशव्यांच्या पदरी असलेल्या, इंग्रजी पद्धतीने कवायत शिकवलेल्या पलटणींचा अधिकारी कॅप्टन फोर्ड इथे राहत होता आणि बंगला त्यानेच बांधला. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली, तेव्हा पेशव्यांच्या खजिन्यातून पगार घेणारी ही दापोडीची पलटण इंग्रजांच्या कर्नल बरच्या फौजेला जाऊन मिळाली. त्याच दिवशी संगमावरची इंग्रज रेसिडेन्सी जळाली. अकरा वर्षांनी माल्कमने फोर्डचा बंगला घेतला. दापोडीच्या बागेच्या पायात हा राजकीय इतिहास आहे. तो विसरून फक्त फुलांविषयी लिहिणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

गव्हर्नराचे वर्ष ऋतूंप्रमाणे वाटलेले होते. हिवाळा मुंबईत, कडक उन्हाळा महाबळेश्वरी, पावसाळा पुण्याला. म्हणजे दापोडीची बाग साहेबाने पाहिली ती नेमकी तिला पाणी द्यावे लागत नाही अशा दिवसांत. सरींनी धुतलेली पाने, भरून वाहणारी नदी, आपोआप वाढलेले गवत. मोटेचा करकराट, फेब्रुवारीपासून खोल जाणारी विहीर, मेमध्ये बुंध्याशी घातलेले पाल्याचे आच्छादन हे सगळे बंगला रिकामा असताना चालत होते. गव्हर्नराची बाग ही खऱ्या अर्थाने माळ्यांची बाग होती, आणि तिचा आराखडा समजून घेताना हे वार्षिक चक्र लक्षात ठेवावे लागते.

वनस्पती उद्यानाची देखरेख आधी डॉ. विल्यमसन, मग चार्ल्स लश, आणि १८३८ पासून अलेक्झांडर गिब्सन यांच्याकडे आली. तिघेही डॉक्टर, आणि हा योगायोग नाही. त्या काळी डॉक्टरला वनस्पती ओळखता येणे भागच होते, कारण औषध झाडातून येत होते. विलायतेहून जहाजाने येणारी औषधे महाग पडत आणि पोचेपर्यंत शिळी होत. ती इथेच पिकवता आली तर लष्कराच्या इस्पितळांचा खर्च वाचतो, असा सरळ हिशेब होता. दख्खनमध्ये देवीची लस टोचत गावोगाव हिंडलेला गिब्सन इथली माती, पिके आणि माणसे ओळखून होता. जुन्नरजवळ हिवऱ्याला त्याने दुसरी बाग उभी केली. खुरासानी ओवा, सोनामुखी अशा औषधी वनस्पती तिथे पिकू लागल्या आणि मुंबईच्या सरकारी औषधभांडाराकडे जाऊ लागल्या. दापोडीत परदेशी झाडांची रोपे तयार होत, बियांची देवाणघेवाण होई, कापूस-उसासारख्या पिकांच्या नव्या जातींची चाचणी घेतली जाई. शोभेची बाग, रोपवाटिका, औषधांचे शेत आणि प्रयोगशाळा हे सगळे एकाच कुंपणात होते.

१८४७ साली गिब्सन मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला. सह्याद्रीतली जंगले तुटली की खालचे ओढे आटतात, हे तो सरकारला सांगत होता. त्याच वेळी डोंगरातल्या लोकांच्या कुमरी म्हणजे जंगल तोडून-जाळून केलेल्या फिरत्या शेतीवर बंधने यावीत, असाही त्याचा आग्रह होता. आज ज्याला आपण पर्यावरणाची काळजी म्हणतो आणि आज ज्याला आपण आदिवासींच्या हक्कांवरची गदा म्हणतो, त्या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या एकाच विचारातून निघाल्या. या पुस्तकात त्याला वकील दिलेला नाही आणि फिर्यादीही दिलेला नाही. पुढे निकोल डाल्झेल याच्यासह त्याने ‘बॉम्बे फ्लोरा’ हा ग्रंथ १८६१ मध्ये काढला. त्याआधी १८३९ मध्ये जॉन ग्रॅहॅम या टपालखात्यातल्या अधिकाऱ्याने मुंबई आणि आसपासच्या वनस्पतींची यादी केली होती. या दोन पुस्तकांवर पश्चिम भारताच्या वनस्पतिशास्त्राचा पाया उभा आहे.

आता ती चित्रे. १८४७ ते १८५० या काळात गिब्सनने एका चित्रकाराकडून दापोडीच्या बागेतल्या देशी आणि परदेशी वनस्पती रंगवून घेतल्या. कापलेली फांदी चित्रकारापुढे यायची तेव्हापासून घड्याळ सुरू व्हायचे, कारण फूल तासाभरात मान टाकते. आधी फुलाचा रंग पकडायचा, मग पान, देठ, कळी. शास्त्रज्ञाला हवे म्हणून फूल उकलून पुंकेसर, बीजकोश यांचे वेगळे बारकावे कडेला काढायचे. सावलीने खोली दाखवायची, पण इतकी नाही की पानाची शीर झाकली जाईल. हे काम करणारा चित्रकार पोर्तुगीज-हिंदी वंशाचा होता, एवढेच कागदपत्रे सांगतात. त्याचे नाव कुणी लिहून ठेवले नाही. मद्रासकडे रॉबर्ट वाइटसाठी काम करणाऱ्या रंगय्या आणि गोविंदू यांची नावे आपल्याला माहीत आहेत. खुद्द पुण्यात, त्याआधी अर्धशतक, इंग्रज रेसिडेंट चार्ल्स मॅलेटसाठी वेरूळची लेणी चितारणाऱ्या गंगाराम तांबटाचे नाव टिकले. दापोडीच्या चित्रकाराच्या वाट्याला तेही आले नाही. हेन्री नोल्टी यांनी २००२ साली या चित्रसंग्रहावर पुस्तक लिहिले, तेव्हा दापोडीची बाग दीडशे वर्षांनी पुन्हा जगापुढे आली. दापोडीत राहणाऱ्यांपर्यंत मात्र ती पोचली नाही. प्रस्तुत पुस्तकामागे असलेली एक प्रेरणा ही.

१८६५ च्या सुमारास दापोडीचे दिवस भरले. गव्हर्नर सर बार्टल फ्रियरने गणेशखिंडीत जेम्स ट्रबशॉच्या आराखड्याने नवे भव्य गव्हर्नमेंट हाउस बांधायला घेतले होते. तिथे पुढे इटालियन धाटणीची, पायऱ्या उतरून जावे अशी खोल बाग आणि कारंजे आले. जवळच १८७३ मध्ये गणेशखिंडीचे वनस्पती उद्यान सुरू झाले. जॉर्ज मार्शल वुड्रो याने तिथल्या अनुभवावर हिंदुस्थानातल्या बागकामाचे पाठ्यपुस्तकच लिहिले. याच गव्हर्नमेंट हाउसमधून २२ जून १८९७ च्या रात्री राणीच्या राज्यारोहणाचा हीरकमहोत्सव आटोपून निघालेल्या प्लेग अधिकारी रँडवर चिंचवडच्या चापेकर बंधूंनी गोळी झाडली. गणेशखिंडीच्या दिव्यांनी सजलेल्या बागेकडे त्या वर्षी प्लेगने पोळलेल्या पुण्याने कोणत्या नजरेने पाहिले असेल, हे त्यावरून कळते. आज ती वास्तू सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची आहे.

बाग वाचण्याच्या रीती

बागांवर लिहिणाऱ्यांचे तीन पंथ दिसतात. पहिला वास्तुकलेच्या बाजूने येतो. अक्ष, चौथरा, हौद, दृश्य यांची भाषा तो बोलतो आणि शैलीची वंशावळ लावतो. दुसरा वनस्पतिशास्त्राचा. कोणते झाड कुठून आले, कधी आले, कोणत्या नावाने नोंदले गेले, हे तो शोधतो. पुण्यात श्रीकांत इंगळहळीकर आणि हेमा साने यांच्यासारख्या अभ्यासकांनी शहरातली झाडे लोकांच्या ओळखीची करून हीच परंपरा पुढे नेली. तिसरा पंथ सत्ता आणि पर्यावरण यांच्या इतिहासाचा. रिचर्ड ग्रोव्ह यांनी १९९५ च्या ‘ग्रीन इम्पीरियलिझम’ या ग्रंथात गिब्सनसारख्या कंपनीच्या डॉक्टरांना जंगलरक्षणाच्या विचाराच्या मुळाशी नेऊन ठेवले, आणि त्यावर बराच वादही झाला.

या तिघांच्या जोडीला १९८१ ची फ्लॉरेन्स सनद आहे. ऐतिहासिक बाग हे जिवंत स्मारक आहे आणि ते जपायचे तर झाडे मरतात व नवी लावावी लागतात हे गृहीत धरून जपावे, असे ती सांगते. मराठीत या चारही गोष्टी एकत्र आणणारे लेखन तुरळक आहे, आणि जे आहे ते बहुधा शोभेच्या अंगाने जाते. बडोद्याला सयाजीराव महाराजांनी लक्ष्मीविलास राजवाड्याच्या बागेसाठी विल्यम गोल्डरिंगला बोलावले, पुढे कृंबिगेल हा जर्मन तज्ज्ञ आणला आणि सयाजीबाग लोकांना खुली केली. मुंबईत १८६२ मध्ये भायखळ्याची राणीची बाग उघडली. राजाची किंवा साहेबाची बाग सार्वजनिक कशी झाली, ही या प्रदेशातली सर्वांत मोठी गोष्ट आहे, आणि ती सांगायला वरचा एकेकटा पंथ पुरत नाही.

कारखान्यांच्या गावात बागेचा विचार

हे सगळे आज कशाला, असे पिंपरीचा वाचक विचारील. त्याला तीन उत्तरे आहेत.

पहिले, या भूमीत बाग आणि कारखाना यांचे नाते समजले जाते त्यापेक्षा जवळचे आहे. दापोडी-हिवऱ्याच्या बागांतून औषधे इस्पितळांकडे गेली, त्यानंतर शंभरएक वर्षांनी, १९५४ साली, पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि देशी पेनिसिलिन तयार होऊ लागले. या कारखान्यातल्या शास्त्रज्ञांनी मातीतला एक सूक्ष्मजीव वेगळा केला, त्याला गावावरून ‘स्ट्रेप्टोमायसेस पिंप्रिना’ हे नाव मिळाले, आणि त्याच्यापासून हॅमायसिन हे बुरशीवरचे औषध निघाले. झाडाच्या मुळीऐवजी मातीतला जिवाणू, वाफ्याऐवजी पोलादी टाकी. माती मात्र कामाला आलीच. टेल्कोत सुमंत मुळगावकरांनी कारखान्याच्या आवारात झाडे आणि तळे हवेच असा आग्रह धरला. उद्योगाच्या आवारातली बाग हा या पट्ट्याने घडवलेला स्वतंत्र प्रकार आहे आणि त्याचा अभ्यास अजून व्हायचा आहे. थोडे पश्चिमेला गेले की मावळात तळेगावच्या पॉलिहाउसमधले गुलाब परदेशी बाजाराची तारीख पाहून उमलवले जातात. तिथेही पाणी, कलम आणि मजुरी हीच त्रिसूत्री आहे. फक्त थारोळ्याच्या जागी ठिबकची नळी आली.

दुसरे, पाण्याचा प्रश्न आता बागेपुरता राहिलेला नाही. पिंपरी-चिंचवड शहर रावेतच्या बंधाऱ्यातून उचललेल्या पवनेच्या पाण्यावर वाढले. धरणापासून शहरापर्यंत बंद जलवाहिनी टाकण्याला मावळच्या शेतकऱ्यांनी विरोध केला. ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरला द्रुतगती मार्गावर गोळीबार झाला आणि तीन शेतकरी मृत्युमुखी पडले. पाणी कुठून येते आणि कुणाच्या वाट्याचे येते, हा बागेच्या इतिहासातला पहिला प्रश्न या शहरात किती जड आहे, हे त्या दिवसाने दाखवले. सोसायटीची हिरवळ असो, चौकातला दुभाजक असो की महापालिकेचे उद्यान, प्रत्येक हिरव्या तुकड्यामागे कुठल्या तरी नदीचा हिशेब आहे.

तिसरे, जपायला आता कायदा आहे, पण त्याला लागणारी माहिती नाही. महाराष्ट्रात १९७५ पासून शहरी भागातल्या झाडांसाठी अधिनियम आहे, आणि २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास किंवा त्याहून अधिक वर्षांच्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा दिला. गणेशखिंडीच्या उद्यानाला २०२० मध्ये जैवविविधता वारसास्थळ म्हणून मान्यता मिळाली. पण झाडाचे वय ठरवायचे कसे? ते कोणत्या बागेचा भाग होते हे सांगायचे कुणी? रस्ता रुंद होताना अडलेली चिंच ही सुटी चिंच आहे की जुन्या आवाराची हद्द दाखवणारी रांग, हे इतिहास माहीत असल्याशिवाय कळत नाही. रांगेतले एक झाड गेले तर एक झाड जाते. रांग ओळखलीच नाही तर सगळा पुरावा जातो.

या पुस्तकाचा हेतू

या पुस्तकातले लेख वनस्पतिशास्त्र, स्थानिक इतिहास, जलव्यवस्था आणि चित्रकला अशा वेगवेगळ्या बाजूंनी दापोडीकडे येतात आणि तिथून गणेशखिंड, हिवरे, पेशव्यांच्या बागा, कारखान्यांची आवारे अशा दिशांना जातात. सगळ्या लेखकांचे एकमत असावे असा आग्रह धरलेला नाही. गिब्सनबद्दलच दोन मते शेजारी-शेजारी सापडतील. एक शिस्त मात्र सगळ्यांनी पाळली आहे. बागेचे वर्णन करण्याआधी तिच्या पाण्याची वाट सांगायची, आणि मालकाचे नाव घेतल्यावर तिथे राबणाऱ्यांचा शोध घ्यायचा. या शिस्तीमुळे काही सुंदर दंतकथा गाळाव्या लागल्या. राणीने लावलेले झाड, पेशव्याने सोडलेले मोर, असल्या गोष्टी ऐकायला गोड असतात. ज्यांना कागदाचा किंवा जमिनीचा आधार मिळाला नाही त्या इथे नाहीत.

वाचकाला वनस्पतिशास्त्र यावे लागत नाही, वास्तुकलाही नाही. लॅटिन नावे जिथे अडतील तिथे मराठी नाव पुढे ठेवले आहे, आणि मोट, पाट, कलम यांचे शब्द जसे माळ्यांच्या तोंडी आहेत तसेच राखले आहेत. पुस्तक पहिल्यापासून वाचलेच पाहिजे असेही नाही. ज्याला चित्रांत रस आहे त्याने चित्रांपासून सुरुवात करावी, ज्याला नदीत आहे त्याने नदीपासून.

या पुस्तकाकडून एक अपेक्षा मात्र उघडपणे सांगतो. दापोडी, सांगवी, बोपोडी, कासारवाडी, पिंपरी या भागांत अजून अशी कुटुंबे आहेत ज्यांच्या मागच्या पिढ्यांनी सरकारी बागांत, बंगल्यांत, कारखान्यांच्या आवारांत माळीकाम केले. कुणाचे आजोबा कलमे बांधत, कुणाची आजी रोपवाटिकेत निंदणी करी. त्यांच्याकडे हजेरीचा चिठोरा असेल, जुना फोटो असेल, नाहीतर नुसती आठवण असेल. गव्हर्नरांची नावे छापील पानांत सुरक्षित आहेत. चित्रकाराचे नाव आपण कायमचे गमावले. माळ्यांच्या बाबतीत अजून उशीर झालेला नाही. हे पुस्तक वाचून घरातल्या थोरल्या माणसाशेजारी वही घेऊन बसणारे दहा वाचक जरी निघाले, तरी पुढच्या आवृत्तीत नामसूची नव्याने करावी लागेल. ते काम आम्ही आनंदाने अंगावर घेऊ.